सांगली-साताऱ्यात राहून ऑटोमेशन-रोबोटिक्स शिकायचं असेल तर

रोबोटिक्सला प्रवेश घेतलेलं पोरगं पहिल्या दिवाळीला घरी आलं की काका हमखास विचारतात, "काय मग, रोबोट केलास का नाही?" ते बिचारं तेव्हा ड्रॉइंगच्या शीटवर आयसोमेट्रिक काढत असतं आणि एम-वनच्या (पहिल्या सेमिस्टरच्या गणिताच्या) इंटिग्रेशनमध्ये अडकलेलं असतं. खरा औद्योगिक रोबोट बहुतेक कॉलेजांत तिसऱ्या वर्षाच्या आसपास बघायला मिळतो, हात लावायला त्याहून उशिरा. तोवर शिकायचं असतं ते वायर, सेन्सर, व्हॉल्व्ह, मोटर, थोडं प्रोग्रॅमिंग आणि बरंच गणित. सिग्नल कुठून निघाला आणि वाटेत कुठं हरवला, हे शोधत बसायला ज्याला आवडतं तो या शाखेत रमतो. नुसते रोबोटचे व्हिडिओ बघायला आवडणारा दुसऱ्या वर्षात कंटाळतो.

मी कुपवाड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल आणि लहान मशिनांच्या ऑटोमेशनचं काम करतो. आमच्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या पोरापोरींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथं क्रमानं लिहितो आहे.

पहिली पायरी: शाखा नेमकी कसली ते बघा

माहितीपत्रकात नावं वेगवेगळी दिसतील: ऑटोमेशन अँड रोबोटिक्स, रोबोटिक्स अँड ऑटोमेशन, मेकॅट्रॉनिक्स. काही ठिकाणी रोबोटिक्सला एआयची जोड दिलेली असते. नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा आणि तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरचे विषय वाचा. पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक कॉम्प्युटर), हायड्रॉलिक्स-न्यूमॅटिक्स (तेलाच्या आणि हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा), कंट्रोल सिस्टिम, इलेक्ट्रिकल ड्राइव्ह्ज, थिअरी ऑफ मशीन्स असे विषय प्रॅक्टिकलसह दिसले तर ती शाखा कारखान्याकडे झुकलेली आहे. पायथन, मशीन लर्निंग, कॉम्प्युटर व्हिजन यांचंच वजन जास्त असेल तर ती जवळपास कॉम्प्युटरची शाखा आहे. दोन्हीत वाईट काही नाही, पण आपण कुठं चाललोय ते प्रवेशाआधी कळलेलं बरं.

एक गोष्ट प्रवेश समितीच्या टेबलापलीकडून सहसा कुणी सांगत नाही. सरकारी नोकरी हेच ध्येय असेल तर दोनदा विचार करा. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत अशा जुन्या शाखांभोवती फिरते. गेटला (एमटेक प्रवेशाच्या परीक्षेला) रोबोटिक्सचा वेगळा पेपर नाही, ही पोरं मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा पेपर देतात. सार्वजनिक कंपन्यांच्या जाहिरातींत पात्र शाखांची यादी दिलेली असते आणि नव्या शाखेचं नाव तिच्यात नसलं की अर्ज तिथंच थांबतो. अशांनी मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल घ्यावं आणि ऑटोमेशन बाजूनं शिकावं. आमच्या धंद्यातले निम्मेअधिक लोक असेच आलेले आहेत.

दुसरी पायरी: दहावीनंतर की बारावीनंतर

बारावी सायन्स करून सीईटी देणं ही सगळ्यांना माहीत असलेली वाट. पीसीएम गटाची सीईटी २०० गुणांची असते आणि त्यातले १०० गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. गणित कच्चं राहिलं तर सीईटीत नुकसान होतंच, शिवाय पुढं मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशनपाशी तेच आडवं येतं.

दुसरी वाट दहावीनंतर तीन वर्षांच्या डिप्लोमाची. कराड आणि मिरजेला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत, खासगीही बरीच आहेत. एमएसबीटीईच्या (राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या) यादीत ऑटोमेशन अँड रोबोटिक्स हा डिप्लोमाही आहे, पण तो प्रत्येक तंत्रनिकेतनात नाही. नसेल तर इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल घ्या. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो डिप्लोमाच्या टक्क्यांवर, सीईटीशिवाय. आयटीआय केलेल्यांनाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात शिरता येतं.

मला विचाराल तर या शाखेपुरती डिप्लोमाची वाट जास्त बरी. सतराव्या-अठराव्या वर्षी स्क्रूड्रायव्हर हातात आलेल्या पोराला पॅनेल उघडताना भीती वाटत नाही. त्याचं गणित मात्र बारावीवाल्यापेक्षा मागं असतं आणि दुसऱ्या वर्षाचं एम-थ्री त्याला घाम फोडतं. थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यानं निकाल लागल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे आठवडे इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्सला द्यावेत.

तिसरी पायरी: कॉलेज बघायला स्वतः जा

आपल्या पट्ट्यात इंजिनिअरिंगला तोटा नाही. विश्रामबागचं वालचंद कॉलेज १९४७ चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं. इस्लामपूरजवळ (आताचं ईश्वरपूर) साखराळ्याला राजारामबापू इन्स्टिट्यूट आहे, साताऱ्यात रयतचं कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी आहे. त्याशिवाय बुधगाव, आष्टा, वर्ये, वाढे असा मोठा पसारा आहे. यातल्या कुठं कोणती शाखा चालू आहे आणि किती जागा आहेत हे त्या वर्षीच्या कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) यादीतच बघा. शाखा सुरू होतात, बंद होतात, नावं बदलतात.

कॉलेजात गेल्यावर रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून परत येऊ नका. ऑटोमेशनची लॅब दाखवा म्हणा आणि हे बघा:

- पीएलसीचे किट किती आहेत आणि त्यातले आत्ता चालू किती? एका किटभोवती आठ-दहा पोरं असतील तर त्यातली दोघंच शिकतात.
- न्यूमॅटिकचं ट्रेनर असेल तर कॉम्प्रेसर चालू करायला सांगा. एफआरएलच्या (हवा गाळणाऱ्या भागाच्या) भांड्यात पाणी साठलेलं असेल तर त्याला कोणी हात लावत नाही हे समजा.
- रोबोटवर कापड घातलेलं आहे का? टीच पेंडंटवर (रोबोट हातानं चालवायच्या रिमोटवर) धूळ आहे का?
- लॅब असिस्टंट कोण आहे? चांगला असिस्टंट असलेली जुनी लॅब नव्या बंद लॅबपेक्षा कितीतरी भारी.

मग कँटीनला जा आणि तिसऱ्या वर्षाच्या पोरांशी बोला. "लॅब संध्याकाळी उघडी असते का?" हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळतं.

प्लेसमेंटचे आकडे सांभाळून ऐका. शाखा दोन-तीन वर्षांपूर्वी सुरू झालेली असेल तर तिची एकही बॅच बाहेर पडलेली नसते. तुम्हाला दाखवलेला आकडा सगळ्या कॉलेजचा असतो आणि त्यात कॉम्प्युटरवाल्यांचा वाटा मोठा असतो.

चौथी पायरी: फॉर्म आणि कागद

हे थोडक्यात. जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल यांतलं जे लागू असेल ते दहावी-बारावीच्या वर्षातच काढून ठेवा. जूनमध्ये सेतूच्या रांगेत उभं राहणं म्हणजे छळ आहे. ऑप्शन फॉर्म भरताना खरोखर हवं तेच पहिल्या क्रमांकावर टाका, कारण पहिल्या राउंडला पहिली पसंती लागली की ती पक्की होते आणि पुढच्या राउंडला जाता येत नाही.

कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या जागाही भरा. त्यात शिक्षण शुल्क माफ असतं. त्यांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला, आणि कटऑफ वर जातो. आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता हे दोन्ही महाडीबीटीवरून भरायचे. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि पुष्कळ पोरं दुसऱ्या वर्षी तेच विसरतात.

पाचवी पायरी: पहिल्या वर्षात टेबलावर एक छोटं पॅनेल उभारा

कॉलेजमध्ये पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच जातं. खोलीवर मात्र तुम्ही वेगळं काही करू शकता. बहुतेक पोरं आर्डुइनो, चार चाकं आणि मोटर ड्रायव्हर आणून लाइन फॉलोअर करतात. करा, मजा येते आणि सी लिहायचा हात बसतो. पण कारखान्यात जे चालतं त्याची ओळख त्यातून होत नाही.

त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, हे सामान गोळा करा: एक २४ व्होल्टचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे २४ करणारा पॉवर सप्लाय), २४ व्होल्ट कॉइलचे दोन रिले (कॉइलला वीज मिळाली की ओढले जाणारे स्विच) बेससह, एक हिरवं आणि एक लाल पुश बटण, एक इमर्जन्सी स्टॉप, दोन इंडिकेटर, ३५ मिलिमीटरची डिन रेल (सामान अडकवायची पट्टी), थोडे टर्मिनल, वायर, लग आणि क्रिम्पिंगचा पक्कड. जुन्या पॅनेलचं सामान भंगारात किलोवर मिळतं. एमआयडीसीत एखाद्या पॅनेलवाल्याकडं जाऊन नीट विचारलंत तर कोपऱ्यातला डबा तो तुमच्यापुढं ओतेल. मल्टिमीटर मात्र नवा घ्या, कंटिन्युइटीला बीप वाजणारा. एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, तिच्यावर झाकण बसवा आणि तुमचं सगळं काम २४ व्होल्टमध्येच ठेवा.

आता पहिलं सर्किट. हिरवं बटण दाबलं की रिले ओढला गेला पाहिजे आणि बोट काढलं तरी ओढलेला राहिला पाहिजे. लाल दाबलं की सुटला पाहिजे. त्यासाठी रिलेचाच एक नॉर्मली ओपन (एरवी उघडा, रिले ओढला की जुळणारा) कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर जोडतात. याला होल्डिंग किंवा लॅचिंग म्हणतात. जोडून झालं की एसएमपीएस बंद करून पुन्हा चालू करा. रिले आपोआप ओढला जाणार नाही. हे फार कामाचं आहे. लाइट गेली, माणूस मशीनमध्ये अडकलेला भाग काढायला वाकला आणि तेवढ्यात लाइट आली, तर मशीन स्वतःहून सुरू होता कामा नये. पाच रुपयांच्या वायरच्या तुकड्यानं ते साधतं.

दुसरी गोष्ट लाल बटणाची. ते नॉर्मली क्लोज्ड घ्यायचं, म्हणजे न दाबता प्रवाह चालू, दाबलं की तुटतो. का, ते बघायला त्या बटणाची एक वायर टर्मिनलमधून उपसून काढा. रिले लगेच सुटेल. वायर उंदरानं कुरतडली, स्क्रू ढिला झाला, तरी मशीन थांबतं. तेच बटण नॉर्मली ओपन घेतलं असतं तर वायर तुटलेली कुणाला कळली नसती आणि गरजेच्या वेळी बटण दाबून काहीच झालं नसतं. इमर्जन्सी स्टॉप जगभर याच कारणानं नॉर्मली क्लोज्ड असतो.

पुढं पीएलसी शिकाल तेव्हा इथंच सगळे अडखळतात. स्टॉप बटण बाहेर नॉर्मली क्लोज्ड जोडलेलं असतं, म्हणून इनपुटला सतत २४ व्होल्ट येत असतात आणि लॅडरमध्ये (पीएलसीचा प्रोग्रॅम चित्रानं लिहायच्या पद्धतीत) त्याच्यासाठी ओपन कॉन्टॅक्टचं चिन्ह टाकावं लागतं. पुस्तकातलं चित्र पाठ केलेला पोरगा इथं उलटं टाकतो आणि "सर, मोटर चालूच होत नाही" म्हणतो. टेबलावर वायर उपसून बघितलेल्याला ते सांगावं लागत नाही.

प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना नंबरचं फेरूल (छोटी नळी) घाला आणि सर्किट कागदावर काढून ठेवा. एवढी एक सवय घेऊन आलेला इंटर्न आम्हाला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो.

सहावी पायरी: सेन्सर आणि चार ते वीस

दुसऱ्या वर्षात एक प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की ओळखणारा) विकत घ्या, तीन वायरचा. तपकिरी म्हणजे प्लस, निळी म्हणजे शून्य, काळी म्हणजे सिग्नल. लोखंडाचा तुकडा जवळ आला की पीएनपी सेन्सर काळ्या वायरवर प्लस देतो, एनपीएन ती वायर शून्याकडं ओढतो. पीएलसीचं इनपुट कसं जोडलंय ते न बघता चुकीचा सेन्सर मागवला की नवा सेन्सर खराब म्हणून परत पाठवला जातो. लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम धरून बघा, अंतर कमी झालेलं दिसेल.

मग ॲनालॉग, म्हणजे नुसतं चालू-बंद नाही तर कमीजास्त होणारा सिग्नल. आपल्याकडं दर पावसाळ्यानंतर एखादा तरी गट पुराच्या इशाऱ्याचा प्रोजेक्ट घेतो, आणि घ्यावाच. आयर्विन पुलाची पातळी सांगलीत पोराटोरांना तोंडपाठ असते: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. प्रोजेक्टमध्ये मात्र बहुतेक वेळा एचसी-एसआर-०४ हा निळा अल्ट्रासॉनिक सेन्सर प्लास्टिकच्या बादलीवर लावलेला असतो. त्याची मर्यादा चार मीटर. ४५ फूट म्हणजे १३.७ मीटर. शिवाय हवेचं तापमान बदललं की आवाजाचा वेग बदलतो आणि मोजमाप सरकतं. बादलीत चालतं, पुलावर नाही.

तेच काम उद्योगात करतात तसं मांडून बघा. पाण्यात सोडायचा प्रेशरवर चालणारा लेव्हल ट्रान्समीटर, मर्यादा ० ते २० मीटर, आउटपुट ४ ते २० मिलिअँपिअर. शून्य मीटरला ४, वीस मीटरला २०. सेन्सरचं शून्य आणि पुलावरच्या मोजपट्टीचं शून्य एकाच पातळीवर धरलं, तर ४५ फुटांना किती? १३.७ ला २० नं भागा, १६ नं गुणा, ४ मिळवा. जवळपास १५ मिलिअँपिअर येतात. सिमेन्सच्या पीएलसीत हीच ४ ते २० ची मर्यादा ० ते २७,६४८ अशा संख्येत दिसते, म्हणजे धोक्याच्या पातळीला साधारण १८,९४० दिसायला हवेत. हे गणित वहीवर एकदा केलं की स्केलिंग नावाचा बागुलबुवा संपतो.

आणि शून्यापासून न सुरू करता चारपासून का? वायर तुटली की प्रवाह शून्य होतो. नदी कोरडी पडली तरी चार येतात. म्हणून शून्य दिसलं तर ती नदीची बातमी नाही, वायरची आहे. पूर आलेला असताना हा फरक किती मोठा आहे हे सांगलीकराला समजावून सांगायला नको.

डेटाशीट इंग्रजीत असते म्हणून मराठी माध्यमातली पोरं बिचकतात. सगळी वाचायचीच नसते. सप्लाय किती, आउटपुट कोणत्या प्रकारचं, किती करंट देऊ शकतो, जोडणीचं चित्र आणि आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती अडवतं ते), एवढं आधी शोधा. बाकीचं गरज पडेल तेव्हा.

सातवी पायरी: पीएलसी

पीएलसीचा जन्म १९६८-६९ च्या सुमाराला अमेरिकेत झाला. मॉडेल बदललं की रिलेंनी भरलेली कपाटं पुन्हा वायर करत बसणं मोटार कारखान्यांना परवडेना, म्हणून. त्यामुळेच लॅडर अजून रिलेच्या चित्रासारखी दिसते आणि रिले हातानं जोडलेल्याला ती लवकर येते.

शिकायला महाग किट लागत नाही. कोडेसिस हे पीएलसीचं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं आणि त्यात सिम्युलेशन आहे. डेल्टाचं डब्ल्यूपीएलसॉफ्टही फुकट आहे. आधी लॅचिंग, मग टायमर, काउंटर, मग क्रमानं चालणारा प्रोग्रॅम. क्रमासाठी डेअरीतली टाकी धुण्याचं उदाहरण घ्या: पाणी, कॉस्टिक, पाणी, ॲसिड, पुन्हा पाणी, प्रत्येकाची ठरलेली वेळ आणि तापमान, मधेच व्हॉल्व्ह उघडला नाही तर थांबून अलार्म. एवढा प्रोग्रॅम स्वतः लिहिता आला की इंटरव्ह्यूत कुणाला घाबरायचं कारण नाही. लॅडरसोबत स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही ओळींत लिहायची भाषाही शिका. सी येत असेल तर आठवड्यात जमतं.

"पीएलसी-स्काडा, शंभर टक्के नोकरी" असे फ्लेक्स (स्काडा म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरून प्लांट बघणं-चालवणं) पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत लागलेले दिसतात. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, की माझ्या एकट्याच्या हातात पीएलसी किती तास असेल आणि वायरिंग मी करणार की जोडलेलं मिळणार. उत्तर गुळमुळीत आलं तर चहा पिऊन परत या.

आठवी पायरी: रोबोट

आता रोबोट. सहा अक्षांचा हात म्हणजे एकामागोमाग एक सहा सर्व्हो मोटरी (सांगितलेल्या कोनात नेमक्या थांबणाऱ्या). प्रत्येक सांध्याचा कोन माहीत असेल तर टोक कुठं आहे ते काढणं सोपं. टोक इथं हवं, तर सहा कोन किती, हे उलटं गणित अवघड. मॅट्रिक्स इथं कामाला येतात, म्हणून सुरुवातीला गणिताचं एवढं गाऱ्हाणं गायलं. घरी सराव करायचा तर लॅपटॉपवर उबुंटू टाका आणि आरओएस-टू (रोबोट चालवायचं सॉफ्टवेअर) व गॅझिबो (सिम्युलेटर) शिका, दोन्ही फुकट आहेत.

प्रत्यक्ष रोबोटवर पहिल्या दिवशी टीच पेंडंट हातात देतात. त्याच्या मागं बोटांखाली एक स्विच असतो, तीन स्थितींचा. हलकेच मधल्या स्थितीत दाबून धरला तरच रोबोट हलतो. सोडला तर थांबतो, आणि दचकून घट्ट आवळला तरी थांबतो, कारण घाबरलेला माणूस हातातली वस्तू टाकेल किंवा आवळेल, दोन्ही शक्य आहे. शिकवण्याच्या टी-वन मोडमध्ये टोकाचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही. तरीही त्या हाताच्या आणि भिंतीच्या मध्ये उभं राहायचं नाही, कुणी कितीही सराईत असला तरी.

औद्योगिक रोबोट पहिल्यांदा कामाला लागला तो १९६१ साली, जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात, डायकास्टिंगचे गरम भाग उचलायला. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत मे महिन्यात एक शिफ्ट उभं राहून बघा, त्या कामाला माणूस का नको होता ते कळेल.

नववी पायरी: जिल्हा फिरून बघा

पुण्याला गेल्याशिवाय ऑटोमेशन दिसत नाही असं पोरांना वाटतं. ऊस गाळप चालू असताना, म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत, एखाद्या साखर कारखान्यात जा. मिलवर उसाच्या च्यूटमधली पातळी बघून केन कॅरिअरचा (ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा) वेग कमीजास्त होतो. बॉयलरच्या ड्रममध्ये पाण्याची पातळी सांभाळली जाते. कंट्रोल सिस्टिमचं पुस्तक एका फेरीत जिवंत होतं. बंद हंगामात गेलात तर इन्स्ट्रुमेंटेशनवाले उघडलेले व्हॉल्व्ह आणि ट्रान्समीटर दाखवतील, तेही वाया जात नाही.

किर्लोस्करवाडीचा पंपांचा कारखाना १९१० साली औंध संस्थानानं दिलेल्या माळावर उभा राहिला. भिलवडीला चितळ्यांची डेअरी आहे. विट्याला माग, तासगावकडं बेदाणा, फलटणला कमिन्स, शिरवळ-खंडाळ्याला मोठमोठे प्लांट, साताऱ्याची जुनी एमआयडीसी. परवानगी मिळवायला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र लागतं, ते विभागप्रमुखांकडून आधीच घ्या. सेफ्टी शूज घालून जा, मोबाईल गेटवर द्या, आणि मॅनेजरसाहेबांचं भाषण संपलं की मेंटेनन्सच्या माणसाजवळ सरका. "शेवटचं ब्रेकडाऊन कशामुळं झालं?" असं विचारा. दहापैकी आठ वेळा उत्तर सेन्सर, केबल किंवा हवेची गळती असंच येईल.

दहावी पायरी: स्पर्धा, प्रोजेक्ट, इंटर्नशिप

आयआयटी मुंबईची ई-यंत्र स्पर्धा आणि डीडी रोबोकॉन या दोन्हींत काही महिने घाम गाळावा लागतो आणि सबमिशनं बोंबलतात. तरी एकदा कराच. बॅटरी रात्री दोनला का उतरली हे वर्गात कुणी शिकवत नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दुकानातून तयार विकत आणू नका. व्हायवाला बाहेरून आलेला परीक्षक एक वायर काढून "आता दुरुस्त कर" म्हणाला की सगळं उघडं पडतं. लहान घ्या, पण एखाद्या खऱ्या माणसाच्या अडचणीवर घ्या: बेदाण्याच्या शेडमधली आर्द्रता, काकांच्या डाळ मिलचं पोतं भरणं, शेतावरच्या पंपाचं ड्राय रन (पाण्याविना चालणं).

इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपनीच्या सर्टिफिकेटमागं सगळेच धावतात. तिथं बहुतेक वेळा लांबून बघायला मिळतं. सात-आठ माणसांच्या पॅनेल शॉपमध्ये किंवा मशीन बनवणाऱ्याकडं महिनाभर राहिलात तर ड्रॉइंग वाचण्यापासून साइटवर कमिशनिंगपर्यंत (मशीन बसवून चालू करून देण्यापर्यंत) सगळं हातून जातं. पहिला आठवडा वायर कापण्यात आणि फेरूल घालण्यात जाईल, त्याला नाक मुरडू नका.

नोकरी लागताना

सुरुवातीची कामं सर्व्हिस इंजिनिअर, कमिशनिंग, रोबोट प्रोग्रॅमिंग, पॅनेल डिझाइन किंवा प्लांट मेंटेनन्स अशी असतात. पहिला पगार आयटीतल्या मित्रापेक्षा कमी असू शकतो आणि प्रवास भरपूर. चाकणला, गुजरातला, कुठंही साइट लागते, सणावाराला लाइन बंद असते म्हणून काम नेमकं तेव्हाच निघतं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. तीन-चार साइट स्वतः उभ्या केलेल्या माणसाची किंमत मात्र झपाट्यानं वाढते, आणि मग परत सांगलीला येऊन स्वतःचं काही करणंही जमतं. कुपवाडात असे बरेच आहेत.

इंटरव्ह्यूला जाताना सर्टिफिकेटांच्या फाईलसोबत तुम्ही स्वतः वायर केलेल्या एका पॅनेलचं ड्रॉइंग आणि त्याचा आतला फोटो न्या. मी तरी आधी तोच बघतो. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वतःचं एक कुलूप मागून घ्या. मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला ते लावायचं, हवेचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधली हवा सोडायची, नावाची पट्टी अडकवायची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. सुपरवायझर घाई करत असला तरी.